पेन्शनचे पैसे कापता, तर ते कामगाराबरोबर जाऊ द्या

परदेशात काम करणाऱ्या लोकांमध्ये पेन्शन कपातीचा विषय निघाला की बहुतेक जणांचं म्हणणं एकच असतं, आम्ही काही इथे म्हातारे होणार नाही, मग आमच्या पगारातून म्हातारपणाचे पैसे का कापता? तक्रार रास्त आहे, मला ती मनापासून पटते. पण त्यातून जी मागणी निघते, की आम्हाला या कपातीतून सूट द्या, ती मला पटत नाही. माझं म्हणणं असं की परदेशी कामगाराकडून सक्तीने पेन्शनचे पैसे घ्यावेतच, स्थानिक माणसाकडून घेतात तितकेच घ्यावेत, मालकाकडूनही तितकेच घ्यावेत, आणि मग तो माणूस देश सोडून गेला तरी त्यातला त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे, तो २ वर्षं राहिला असो की १२. आज बहुतेक देश यातला पहिला भाग बिनचूक पाळतात आणि दुसऱ्या भागात हात आखडता घेतात. खरा वाद तिथे आहे.

आधी सक्ती का हवी ते सांगतो कारण त्यावरच लोक चिडतात. या कपातीतून फक्त म्हातारपणाची सोय होते असं धरून सगळे बोलतात, पण बऱ्याच देशांत त्याच पैशातून कामगाराला अपंगत्व आलं तर पेन्शन मिळते आणि तो मेला तर बायकोमुलांना मिळते. पंचविशी-तिशीतल्या माणसाला हे नको वाटतं, आणि नेमका हाच वयोगट परदेशात बांधकामावर, कारखान्यात, जहाजावर, दवाखान्यात रात्रपाळीला असतो. ऐच्छिक ठेवलं तर जवळपास कोणीच भरणार नाही, घरी पैसे पाठवायचे असतात, एजंटचं कर्ज फेडायचं असतं, त्यामुळे महिन्याच्या शेवटी भविष्यासाठी काही उरत नाही, आणि त्यात त्या माणसाची चूक नाही.

दुसरं कारण मालकाच्या बाजूचं. परदेशी माणसासाठी पेन्शन भरावी लागत नसेल तर तो आपोआप स्वस्त पडतो. मग मालक त्यालाच घेतो, स्थानिक माणूस म्हणतो आमच्या नोकऱ्या गेल्या, आणि राग निघतो कोणावर तर त्या परदेशी कामगारावर, ज्याने ही सूट मागितलीही नव्हती. मलेशियाने ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी कामगारांनाही त्यांच्या भविष्य निर्वाह निधीत सक्तीने आणलं, कामगाराचे २ टक्के आणि मालकाचे २ टक्के. चांगली सुरुवात आहे, पण तिथल्या स्थानिक माणसासाठी मालक १२ किंवा १३ टक्के भरतो हे शेजारी ठेवून बघा, म्हणजे परदेशी माणूस अजूनही १०-११ टक्क्यांनी स्वस्तच राहिला की.

आणि सक्ती अजिबात नसली तर काय होतं हे आखाती देशांनी दाखवलंय. तिथे परदेशी कामगाराला साधारणपणे पेन्शन नसते, नोकरी संपताना एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते. यूएईमध्ये पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचा. कागदावर वाईट नाही, पण हे पैसे परंपरेने मालकाच्याच खिशात राहतात आणि शेवटी तो देईल या भरवशावर माणूस पंधरा-पंधरा वर्षं काढतो. २०१६ मध्ये तेलाचे भाव पडलेले असताना सौदीत मोठमोठ्या बांधकाम कंपन्यांनी महिनोन्‌महिने पगार थकवले, हजारो भारतीय कामगार कॅम्पमध्ये अडकले, जेवणाचे वांधे झाले, केंद्र सरकारला मंत्री पाठवावा लागला. जिथे पगारच नाही तिथे ग्रॅच्युइटी कुठून मिळणार? म्हणून बहरीनने मार्च २०२४ पासून जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं, तिथे मालकाला हे पैसे दर महिन्याला सरकारी विमा संस्थेकडे भरावे लागतात, म्हणजे कंपनी बुडाली तरी तेवढे पैसे वाचतात. कपात नको म्हणणाऱ्यांनी हा फरक जरूर बघावा.

आता दुसरी बाजू, आणि इथे माझा राग त्या यजमान देशांवर आहे.

बहुतेक पेन्शन योजनांमध्ये किमान वर्षांची अट असते. तेवढी वर्षं भरली तर हक्क, नाहीतर काही नाही. जो माणूस त्याच देशात जन्मला, शिकला आणि नोकरी करतोय त्याला ही अट जाणवतही नाही, तो ती पस्तिशीतच ओलांडून गेलेला असतो. पण ज्याचा व्हिसाच ठराविक वर्षांचा आहे त्याच्यासाठी ती भिंत आहे. अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात ढळढळीत. तिथे सोशल सिक्युरिटीसाठी कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के आणि कंपनीकडून ६.२ टक्के जातात, मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या आरोग्यविम्याचे, १.४५ टक्के दोघांकडून वेगळे. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान १० वर्षं. आणि आपले बरेच इंजिनिअर ज्या एच-१बी या कामाच्या व्हिसावर जातात त्याची मुदत सर्वसाधारणपणे ६ वर्षं! म्हणजे एका कायद्याने सांगायचं ६ वर्षांत परत जा आणि दुसऱ्या कायद्याने सांगायचं १० वर्षं भरल्याशिवाय काही मिळणार नाही. वर्षाला १ लाख डॉलर पगार धरा, तर दोन्ही हिस्से मिळून वर्षाला १२,४०० डॉलर आणि ६ वर्षांत ७४,४०० डॉलर होतात. नियमानुसार कापलेले हे पैसे परत मागायची सोय तिथे नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकल्यामुळे ज्यांचा व्हिसा वाढत गेला आणि ज्यांची १० वर्षं भरली त्यांना मात्र हक्क मिळतो, आणि भारतीय नागरिकाला ती पेन्शन भारतात राहूनही मिळू शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण ९ वर्षांनी ज्याची नोकरी गेली आणि ज्याला देश सोडावा लागला त्याचं काय? त्याने एक वर्ष कमी भरलं म्हणून नऊ वर्षांचं शून्य कसं काय होतं?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाहीये, म्हणून नीट बघू. उत्तर असं, की हा विमा आहे, बचत खातं नाही. मोटारीचा विमा काढला आणि अपघात झाला नाही म्हणून कोणी हप्ते परत मागत नाही. अपंगत्व आणि मृत्यूच्या संरक्षणाला हे लागू पडतं, मान्य. तेवढ्या वर्षांत ती जोखीम कोणीतरी उचलली होती, त्याची किंमत कापून घ्या, कोणी तक्रार करू नये. पण म्हातारपण हा अपघात नाही, ते बहुतेकांना येतं, आणि त्यासाठी जमा केलेला भाग ज्याला कधीच मिळू शकणार नाही हे पहिल्या दिवसापासून व्हिसावर लिहिलेलं आहे त्याच्याकडून तो घेणं म्हणजे जादा कर लावणं झालं, आणि तो कर फक्त परदेशी माणसावर. कर लावायचा तर उघड लावा, मग त्यावर उघड चर्चा तरी होईल.

दुसरं उत्तर असतं की पैसे शिल्लकच नाहीत, आजच्या कामगारांच्या पैशातून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन दिली जाते. हे बऱ्याच देशांत खरं आहे, जर्मनीत पगाराच्या १८.६ टक्के जमा होतात, निम्मे कामगाराचे निम्मे मालकाचे, आणि ते जवळपास लगेच वाटले जातात. पण मला वाटतं हे उत्तर देणाऱ्याने आपलीच बाजू पातळ केली. त्याचा अर्थ असा झाला की बाहेरून आलेली तरुण माणसं तुमच्या आईवडिलांची पेन्शन भरतायत, तुमच्याकडे मुलं कमी जन्मली म्हणून जी जागा रिकामी पडली ती भरून काढतायत. मग तुमच्यावर त्यांचं देणं जास्त आहे, कमी नाही. जर्मनीत निदान एवढं तरी आहे की ५ वर्षं भरली की पेन्शनचा हक्क मिळतो, आणि त्याआधी युरोपबाहेर परत गेलात तर २ वर्षं थांबून पैसे परत मागता येतात. पण परत मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा, कंपनीने तुमच्या नावाने भरलेला हिस्सा तिकडेच राहतो. तो हिस्सा तुमच्या कामाच्या बदल्यातच भरलेला असतो ना, तुम्ही कामावर नसता तर कंपनीने तो भरला असता का?

जपानचं प्रकरण यात सगळ्यात शिकण्यासारखं आहे, कारण तिथे परतफेडीची सोय आहे आणि तरीही माणूस फसतो. नोकरदारांच्या पेन्शनसाठी पगाराच्या १८.३ टक्के जातात, निम्मे कामगाराचे. पेन्शनसाठी किमान २५ वर्षं लागायची, ऑगस्ट २०१७ पासून ती अट १० वर्षांवर आली. त्याआधीच देश सोडला तर एकरकमी पैसे मागता येतात, किमान ६ महिने भरलेले असले पाहिजेत आणि देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. इथपर्यंत ठीक आहे. पण ही रक्कम आधी जास्तीत जास्त ३ वर्षांच्याच हिशोबाने मिळायची, एप्रिल २०२१ पासून ५ वर्षांच्या. म्हणजे ७ वर्षं काम केलेल्या माणसाला मिळतात ५ वर्षांचे पैसे, तेही साधारण त्याच्या स्वतःच्या हिश्श्याइतके, आणि पैसे घेतले की सातही वर्षं रेकॉर्डमधून पुसली जातात. शिवाय या रकमेतून २०.४२ टक्के कर आधीच कापून घेतात, तो परत मागता येतो पण त्यासाठी जपानमध्ये एक कर प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि ज्याला भाषा येत नाही, जो गावी परत जाऊन बसलाय तो हे सगळं कसं करणार? २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून ही मर्यादा ८ वर्षांपर्यंत वाढवायचं ठरवलं. चांगलं आहे, पण त्याच सुधारणेत जपानमध्ये परत यायचा परवाना हातात असेल तोवर पैसे न द्यायचंही ठरलंय.

आणि जपानबद्दल अजून एक, जे आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवायला पाहिजे. भारत आणि जपानमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, आणि त्यात पात्रतेसाठी दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजता येतात. म्हणजे ज्याने जपानमध्ये ७ वर्षं भरली आणि भारतात पीएफच्या पेन्शन योजनेत ४ वर्षं, त्याची १० वर्षांची अट पूर्ण होऊ शकते, आणि पुढे वय झाल्यावर जपानकडून ७ वर्षांच्या प्रमाणात पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. पण जर परत येताना एकरकमी घेतली तर ती वर्षं संपली, ती मग कशातच मोजली जात नाहीत. परत निघालेल्या माणसाला सगळे सांगतात पैसे काढून घे, मित्र सांगतात, एजंट सांगतो, आणि तो फॉर्म भरतो. कधीकधी तोच निर्णय बरोबरही असेल, गरज असते, घर बांधायचं असतं. पण हिशोब समोर मांडून निर्णय घेणं आणि कोणी काही सांगितलंच नाही म्हणून घेणं यात फरक आहे, आणि तो हिशोब मांडून द्यायची जबाबदारी पैसे कापणाऱ्याची आहे.

ऑस्ट्रेलियात तर मी वाचून थक्क झालो. तिथे मालकाला पगाराच्या १२ टक्के सुपरअॅन्युएशनमध्ये, म्हणजे कामगाराच्या निवृत्ती निधीत, भरावे लागतात, आणि तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस देश सोडताना ते काढू शकतो. तत्त्व अगदी योग्य. पण वर्किंग हॉलिडे व्हिसावरच्या, म्हणजे फिरायला येऊन मधेमधे काम करणाऱ्या तरुणांकडून त्यावर ६५ टक्के कर घेतात, २०१७ पासून. उन्हात फळं तोडणाऱ्या मुलाच्या नावाने १०० डॉलर भरायचे आणि जाताना त्यातले ६५ काढून घ्यायचे, तर मग ते भरले कोणासाठी?

आता भारत सरकार यावर काय करतं? देशोदेशी करार करतं. पहिला करार बेल्जियमशी झाला, २००६ मध्ये सह्या झाल्या आणि २००९ पासून लागू झाला, आणि आज असे साधारण २० देशांशी करार आहेत. अशा करारात साधारण तीन गोष्टी असू शकतात. कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलेल्या माणसाला तिकडे भरावं लागत नाही, तो इथेच पीएफ भरत राहतो. दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजली जातात. आणि मिळालेली पेन्शन दुसऱ्या देशात राहूनही घेता येते. पण बातम्या होतात त्या फक्त पहिल्या गोष्टीच्या. ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार करार झाला तेव्हा हेच झालं, ३ वर्षांपर्यंत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना दुहेरी कपातीतून सूट मिळणार म्हणून खूप कौतुक झालं. आयटी कंपन्यांसाठी ते मोठं आहे आणि त्या कर्मचाऱ्यांचंही भलं आहे, त्यात वाद नाही. पण जी नर्स थेट तिकडच्या हॉस्पिटलने घेतली, जो मुलगा तिकडच्या केअर होममध्ये लागला, त्यांना या सुटीचा काडीचा उपयोग नाही. ते दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथली सामाजिक सुरक्षेची कपात, भरतात, आणि सरकारी पेन्शनचा एक पैसाही मिळायला तिथे साधारण १० पात्र वर्षं लागतात. ती नर्स ६ वर्षांनी परत आली तर तिच्या हाती काय? भारतातली वर्षं तिथे मोजायची सोय या करारात नाही. आपण मागितली ती कंपन्यांच्या कामाची गोष्ट, आणि संख्येने मोठा असलेला दुसरा वर्ग मागे राहिला.

अमेरिकेशी तर करारच झालेला नाही, इतकी वर्षं मागणी करूनही. त्यांच्या कायद्यात अट आहे की समोरच्या देशाची सामाजिक सुरक्षा योजना सर्वसाधारण लोकांना लागू असली पाहिजे, आणि आपली पीएफ-पेन्शन मुख्यतः संघटित क्षेत्रापुरती आहे, शेतमजूर, घरकाम करणारी बाई, छोट्या दुकानातला नोकर हे सगळे बाहेर. हे ऐकायला कडू आहे पण मुद्दा खोटा नाही. आपल्या देशातल्या बहुसंख्य कामगारांना आपण पेन्शनच्या बाहेर ठेवलं, त्याची किंमत आपला परदेशातला माणूसही मोजतोय.

आणि याहून अवघड गोष्ट म्हणजे आपण स्वतः परदेशी लोकांशी कसे वागतो. १ ऑक्टोबर २००८ पासून भारतात काम करणाऱ्या परदेशी नागरिकांना पीएफ सक्तीचा आहे, आणि त्यांना पगाराची मर्यादा नाही. स्थानिक कर्मचाऱ्यासाठी सक्तीची मर्यादा महिन्याला १५,००० रुपये, म्हणजे कायद्याने किमान १२ टक्के म्हणून १,८०० रुपये भरले तरी चालतात. पण महिन्याला ३ लाख पगार असलेल्या परदेशी माणसाचे ३६,००० आणि कंपनीचे ३६,००० गेलेच पाहिजेत. आणि काढायचे कधी? त्याच्या देशाशी आपला करार असेल तर जाताना, नसेल तर सर्वसाधारणपणे ५८ वर्षांचा झाल्यावर. तिशीत दोन वर्षांसाठी आलेला माणूस पंचवीस-तीस वर्षं वाट बघणार! एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तरतूद समानतेच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून रद्द ठरवली, पण पुढे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीच तरतूद वैध धरली. कायद्याचा निकाल जो लागेल तो लागो, माझं मत स्पष्ट आहे की हा नियम अन्यायाचा आहे. याचं समर्थन असं करतात की यामुळे इतर देश करार करायला तयार होतात. असेलही, पण त्यासाठी एका शिक्षिकेचे किंवा इंजिनिअरचे पैसे वीस-पंचवीस वर्षं ओलीस ठेवायचे? अमेरिकेने आपल्या मुलांशी केलं ते चूक आणि आपण केलं ते डावपेच, असं दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही.

हे सगळं नीट करता येतं याचा पुरावा युरोपात आहे. १९५८ सालीच त्यांनी एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेचे नियम केले, आणि आज तिथला माणूस चार देशांत काम करून म्हातारा झाला तर पात्रतेसाठी चारही ठिकाणची वर्षं एकत्र धरतात आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांच्या प्रमाणात पेन्शन देतो. एका देशात वर्षापेक्षाही कमी काम झालं असेल तर तेवढे महिने दुसरा देश सांभाळून घेतो. छोट्या छोट्या पेन्शन परदेशात पाठवायचा खर्च परवडत नाही ही सबब मग कुठे राहिली? जे कॉम्प्युटर दर महिन्याला कपात बिनचूक करतात त्यांना पैसे पाठवणंही जमेल. मला वाटतं म्हातारपणाच्या भागासाठी किमान वर्षांची अट परदेशी कामगारांना लावूच नये, आणि देश सोडताना त्याला निवड द्यावी, की वय झाल्यावर प्रमाणात पेन्शन घे, किंवा आत्ता दोन्ही हिस्से व्याजासह घेऊन जा, विम्याचा खर्च वजा करून. आणि ही निवड करायच्या आधी त्याच्या भाषेत, आकड्यांसह, एक कागद त्याच्या हातात दिला पाहिजे.

हे आपोआप होणार नाही कारण त्या देशात या माणसाला मत नाही. तिथल्या कुठल्याच पक्षाला त्याच्या पेन्शनसाठी भांडून काही मिळत नाही, आणि परत आल्यावर इथेही तो विखुरलेला असतो, त्याची कुठली संघटना नसते. म्हणून हे काम कामगार पाठवणाऱ्या देशांच्या सरकारांचंच आहे. आपल्या सरकारने पुढच्या प्रत्येक करारात कपातीतून सूट मागायच्या आधी वर्षं एकत्र मोजण्याची आणि प्रमाणात पेन्शनची मागणी ठेवावी, थेट तिकडे नोकरी लागलेल्यांसाठी. आणि अमेरिकेच्या टेबलावर परत बसायच्या आधी स्वतःचा २००८ चा नियम बदलावा, निदान करार नसलेल्या देशातल्या माणसालाही देश सोडताना त्याचे पैसे मिळतील एवढं तरी करावं, कारण तिथे समोरून पहिला प्रश्न त्याच नियमाचा येऊ शकतो आणि आज आपल्याकडे त्याला उत्तर नाही.